रेकॉर्ड आधी, आर्म मग

ख्यालाच्या एलपीची एक बाजू डोळ्यांसमोर आणा. काठाला तानपुरे लागतात, विलंबित सुरू होतं आणि काटा मध्याकडे सरकत जातो तसतशी लय चढत जाते. आलाप, बोलअंग, ताना, मग द्रुत. सगळ्यात दाट गाणं येतं ते लेबलापासून बोटभर अंतरावर. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ‘सहेला रे’ तबकडीवर कुठे पडतं ते एकदा उजेडात धरून बघावं. भूपाच्या बाजूचा तो आतला पट्टा आहे. मैफल जशी चढते तशीच ती तबकडीवर उतरली, यात कुणाचा काही दोष नाही.

तबकडीचं गणित मात्र नेमकं उलटं चालतं. मिनिटाला ३३⅓ फेरे हा वेग ठरलेला. त्या वेगाने काठाजवळ, म्हणजे केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, काट्याखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत ६० मिलिमीटरवर पोचेपर्यंत तीच खाच सेकंदाला २१ सेंटिमीटरवर येते. दहा हजार हर्ट्‌झच्या एका लाटेला काठाला ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत जेमतेम २१. गाणं भरत जातं आणि जागा आक्रसत जाते. अशा ठिकाणी काटा खाचेत एखाद्या अंशाने तिरका उभा राहिला तरी तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात आणि ‘स’कार फुटतात. ऐकणाऱ्याला वाटतं, रेकॉर्ड झिजली. पुष्कळदा रेकॉर्ड ठणठणीत असते, कार्ट्रिज वाकडं बसवलेलं असतं.

टर्नटेबलचा आर्म आणि त्याच्या टोकाचं कार्ट्रिज यांची जुळवणी हा या पुस्तकाचा विषय. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय, पण ते जवळजवळ सगळं लिहिताना समोर सिंफनी किंवा जाझ होतं. मराठी घरांत ज्या रेकॉर्डी आहेत त्या निराळ्या आहेत: नाट्यपदांच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या, भावगीतांच्या छोट्या ईपी, गीतरामायणाच्या आणि ख्यालाच्या एलपी, शाहिरांच्या, तमाशाच्या, दादा कोंडक्यांच्या सिनेमांच्या. पुढच्या सगळ्या प्रकरणांत माझं म्हणणं एकच आहे. जुळवणी आर्मच्या माहितीपत्रकापासून सुरू करू नये, आपल्याजवळच्या रेकॉर्डीपासून करावी.

हे मी मार्गासनीत बसून लिहितोय याचं काहींना नवल वाटेल. नसरापूरहून वेल्ह्याकडे येताना हे गाव लागतं. इथून साखरवरून गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याला जाता येतं. गडावर जाणारे इथे चहाला थांबतात आणि पुढे निघतात. हायफायची दुकानं पुण्यात, ऐकण्याच्या बैठका पुण्या-मुंबईत. पण भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात रेकॉर्डी आल्या त्या दिवाणखान्यांच्या वाटेने कमी आणि मांडवांच्या वाटेने जास्त. लग्नाला, जत्रेला, गणपतीला कर्णे लावणारा स्पीकरवाला पत्र्याच्या पेटीतून त्या घेऊन यायचा. अँप्लिफायर, दोन कर्णे, एक चेंजर आणि रेकॉर्डींची चळत. कॅसेट आली आणि त्या पेट्या माळ्यावर गेल्या. आता त्या खाली येताहेत, नातवंडं विचारताहेत की यातलं काही वाजेल का. बहुतेक वाजतं. किती चांगलं वाजेल हे काटा कसा उभा राहतो यावर ठरतं.

स्पीकरवाल्याने या रेकॉर्डी कशा वाजवल्या हे माहीत असलेलं बरं, कारण त्याच्या खुणा खाचेत आहेत. पिन घसरायला लागली की आर्मवर एक नाणं ठेवायचं, हा सर्रास उपाय. त्याने काटा खाच धरून राहायचा, पण दाब कितीतरी वाढायचा. त्याआधीच्या चावीच्या ग्रामोफोनचं तर विचारूच नका: साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून जास्त वजन पोलादी सुईवर. तरीही त्या काळात कोनाची फारशी फिकीर कुणी केली नाही आणि त्याला कारण होतं. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड घातलेली असायची. सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हायची, बाजू संपली की फेकून द्यायची. कोन चुकला तर सुई स्वतःला घासून घ्यायची. हिरा घासत नाही. आज कोन चुकला तर घासली जाते ती रेकॉर्ड.

कोन मुळात चुकतोच का, ते आधी पाहू. मूळ तबकडीवर खाच कापणारं यंत्र आपलं पातं काठाकडून केंद्राकडे सरळ रेषेत नेतं. आपल्या घरचा आर्म एका खुंटावर फिरतो, म्हणून त्याच्या टोकाचा काटा कमानीवरून जातो. सरळ रेषेने कापलेलं कमानीने वाचायचं, हा सगळा पेच. यावरचा तोडगा जुना आहे: कार्ट्रिज आर्मला थोडं तिरकं बसवायचं, आणि काटा केंद्रातल्या खुंटीच्या (स्पिंडलच्या) पंधरा-अठरा मिलिमीटर पुढे पडेल इतकी आर्मची लांबी ठेवायची. या पुढे जाण्याला ओव्हरहँग म्हणतात. दोन्ही नीट जमलं तर बाजूभरात दोन ठिकाणी काटा खाचेला अगदी स्पर्शरेषेत येतो. ते दोन शून्यबिंदू. बाकी सगळीकडे थोडी चूक राहतेच. ती कुठे ठेवायची आणि किती, एवढंच आपल्या हातात असतं.

ही चूक कुठे ठेवावी यावर शंभर वर्षं विचार झालाय. पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये इंग्लंडच्या ‘ग्रामोफोन’ मासिकात हा प्रश्न भूमितीच्या भाषेत मांडला. ते कोनाची चूक मोजत होते. खरी उडी मारली एरिक लॉफग्रेन या स्वीडिश अभियंत्याने, १९३८ साली. त्यांनी विचारलं, कानाला लागते ती चूक कोणती? कोन तोच असला तरी खाच हळू सरकते तिथे त्याचा उपद्रव जास्त, म्हणून कोनाला त्रिज्येने भागलं पाहिजे. एवढ्या एका भागाकाराने सगळं शास्त्र जागेवर आलं. बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत तेच उत्तर वेगळ्या वाटेने काढलं, आणि जे. के. स्टीव्हनसन यांनी १९६६ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये आणखी एक पर्याय दिला.

आकडे पाहिल्यावर मतभेद कुठे आहे ते कळतं. एलपीवरचं गाणं ६०.३ ते १४६ मिलिमीटरच्या पट्ट्यात असतं हे आंतरराष्ट्रीय मानक धरलं, तर लॉफग्रेन-बेअरवाल्ड मांडणीचे शून्यबिंदू ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. या मांडणीत काठाला, मध्ये आणि शेवटी अशा तिन्ही ठिकाणी सर्वांत मोठी विकृती सारखीच ठेवलेली असते. २३० मिलिमीटरच्या आर्मला आणि बऱ्यापैकी मोठ्या आवाजाला ती ०.६५ टक्क्याच्या आसपास जाते. स्टीव्हनसननी आतला शून्यबिंदू थेट ६०.३ वर, म्हणजे गाणं संपतं तिथेच नेऊन ठेवला. बाजूचा शेवट त्यामुळे निर्मळ होतो. किंमत मधल्या भागाला आणि काठाला मोजावी लागते: काठाला कोन दोन अंशांहून जास्त चुकतो आणि विकृती पाऊण टक्क्याच्या वर जाते.

युरोपातले बहुतेक जाणकार स्टीव्हनसनना नाकं मुरडतात. शेवटच्या पाच मिनिटांसाठी बाकीच्या पंधरांना का त्रास, असा त्यांचा सवाल. ख्याल ऐकणाऱ्याने या वादात त्यांचं मत डोळे मिटून घेऊ नये, असं मला वाटतं. काठाला आपल्याकडे असतं काय? तानपुरा आणि विलंबिताचा संथ स्वर. पाऊण टक्का विकृती तिथे कुणाला शोधूनही सापडायची नाही. शेवटी असते ती द्रुत तान. टेक्निक्सच्या एसएल-१२०० वर्गातल्या यंत्रांचे कंपनीने दिलेले आकडे (खुंटापासून केंद्र २१५, आर्मची लांबी २३०, तिरकेपणा २२ अंश) गणितात घातले तर शून्यबिंदू ५८.८ आणि ११३.५ येतात. आतला बिंदू मानकाच्याही आत. ‘कंपनीची मांडणी चुकीची, बदलून घ्या’ असा सल्ला या यंत्राच्या मालकांना सर्रास मिळतो. तुमच्याकडे वीस-बावीस मिनिटांच्या ख्यालाच्या एलपी असतील तर तो ऐकण्याआधी थांबा. उलट तुमच्याकडे भावगीतांच्या एलपी असतील आणि त्यांचं शेवटचं गाणं ७०-७५ मिलिमीटरवरच संपत असेल, तर आतल्या १० मिलिमीटरसाठी बाकीच्याला दंड भरणं वेडेपणाचं. म्हणूनच मी म्हणतो, पट्टी आधी रेकॉर्डवर ठेवा.

७८ च्या तबकड्यांकडे आलं की हा मुद्दा मताचा राहत नाही. दहा इंची लाखेच्या तबकडीवर गाणं ४८ मिलिमीटरपर्यंत आत जातं. एलपीसाठी ६६ आणि १२०.९ वर जुळवलेला आर्म तिथे पोचतो तेव्हा कोन जवळजवळ पावणेचार अंशांनी चुकलेला असतो. ७८ चा वेग जास्त, खाच तिथेही सेकंदाला ३९ सेंटिमीटरने सरकते, म्हणून थोडक्यात निभावतं. तरी विकृती एलपीच्या अडीचपट होते. आणि त्या जागी असतं काय? फ्रेड गायसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गोहरजानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा गाणं संपल्यावर तिने आपलं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना ही कोण गाते हे कळावं म्हणून ती पद्धत पडली असं सांगतात. पुढे कित्येक गायक-गायिकांच्या तबकड्यांच्या अखेरीस नाव आहे. गाणारीने स्वतः उच्चारलेलं नाव तबकडीवरच्या सगळ्यात वाईट जागी आहे. नीट ऐकायचं तर ७८ साठी वेगळी मांडणी हवी. ४८ ते १२० मिलिमीटर हा पट्टा धरून लॉफग्रेनचंच सूत्र लावलं की शून्यबिंदू सुमारे ५२.६ आणि ९८.४ येतात आणि कार्ट्रिज एलपीपेक्षा चार-साडेचार अंशांनी कमी तिरकं बसतं. सगळ्यात सोपं म्हणजे दुसरं हेडशेल (कार्ट्रिज ज्यात बसतं ते आर्मचं टोक) घ्यावं, त्यात ७८ चा जाड काटा (टोकाची त्रिज्या ६५ ते ७५ मायक्रॉन, एलपीचा गोल काटा १८ चा) त्या मांडणीत कायमचा बसवून ठेवावा. एलपीचा काटा लाखेवर कधीही टेकवू नये. तो खाचेच्या तळाशी लोळतो.

आता हत्यारांचं. बाजारात उत्तमोत्तम आहेत. जर्मनीच्या फायकर्टचा प्रोट्रॅक्टर किंवा स्मारट्रॅक्टर हाती आला तर काम अर्ध्या वेळात होतं. पण त्यांच्या किमतीत इथे एक चांगलं जुनं टर्नटेबल येतं, आणि या पुस्तकातलं कुठलंही काम त्यांच्यावाचून अडत नाही. पोलादी पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, तीन मिलिमीटर जाडीचा आरसा, सोनाराच्या काट्यासारखा शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा, लेव्हलची बाटली, भिंग किंवा मोबाइलला लागणारा मायक्रोस्कोप. आणि कागदावर छापलेली कमान.

त्या कागदाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळी गाडी इथेच रुळावरून घसरते. कमानीचा नकाशा फुकट मिळतो. तुमच्या आर्मचे आकडे घालून तो काढता येतो. छापणारा मात्र सवयीने कागदात बसवायचं बटण दाबतो आणि नकाशा दोन-तीन टक्क्यांनी लहान होऊन बाहेर येतो. डोळ्याला काही कळत नाही. म्हणून नकाशावर आडवी आणि उभी अशी १०० मिलिमीटरची एकेक रेघ असलीच पाहिजे, आणि दुकानाच्या पायरीवरच पट्टीने ती मोजायची. दोन्ही रेघा, प्रिंटर कागद ओढतो त्या दिशेला वेगळी चूक असू शकते. आमच्याकडे पावसाचे चार महिने आणखी एक भानगड. कागद दमट हवेत फुगतो. २१५ मिलिमीटरवर अर्धा टक्का वाढ म्हणजे एक मिलिमीटरहून जास्त. मे महिन्यात छापलेली कमान ऑगस्टमध्ये वापरायची तर पुन्हा मोजा, किंवा सरळ प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून आरशावर चिकटवा.

एक मिलिमीटरने एवढं काय बिघडतं? २३० मिलिमीटरच्या आर्मवर ओव्हरहँग एक मिलिमीटरने चुकला तर आतल्या खाचेत कोन जवळजवळ एका अंशाने फिरतो. काठाला तोच फरक फक्त एक तृतीयांश अंश. विकृतीच्या हिशेबात ही चूक काठापेक्षा आत साधारण सातपट महाग पडते. म्हणजे हेडशेलच्या लांबट भोकांत कार्ट्रिज नुसतं सैल सोडून ‘बरोबर दिसतंय’ म्हणून स्क्रू आवळले तर ‘सहेला रे’ गेलंच. अर्ध्या मिलिमीटरच्या आत यायचं, जमल्यास पाव.

याच्या उलट ज्याच्यावर लोक रात्री जागवतात ती गोष्ट म्हणजे आर्मची मागची उंची. रेकॉर्ड जाड-पातळ असली की काट्याचा उभा कोन बदलतो, म्हणून दर रेकॉर्डला आर्म वरखाली करणारे महाभाग मला माहीत आहेत. २३० मिलिमीटरच्या आर्मवर एक अंश बदलायला मागचं टोक चार मिलिमीटर उचलावं लागतं. दोन तबकड्यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तर कोन अंशाच्या आठव्या भागाने हलतो. उंची एकदा चांगली लावा आणि विसरून जा. ज्या हातांनी ती नॉब फिरवता त्या हातांनी ओव्हरहँग पुन्हा मोजा.

मोजण्याची रीत अशी. आधी खुंटापासून केंद्राचं अंतर, कारण बाकी सगळे आकडे त्यावर उभे आहेत. खुंटाच्या वरच्या टोपीचा मध्य आणि स्पिंडलचा मध्य डोळ्याने धरून पट्टी ठेवली तर एखादा मिलिमीटर चुकतोच. त्यापेक्षा कॅलिपरने दोन्हींच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्यावं, दोन्हींचे व्यास वेगळे मोजावे आणि निम्मे निम्मे वजा करावे. मग आरशावरची कमान स्पिंडलमध्ये घालून काट्याचं टोक कमानीच्या बाहेरच्या टोकावर टेकवा आणि आत आणा. टोक आणि आरशातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना भेटतात तो बिंदू सगळ्या कमानीवर रेघेवरच राहिला पाहिजे. बाहेर बरोबर आणि आत रेघेच्या पुढे असेल तर आर्मची लांबी चुकलीय, कार्ट्रिज सरकवायचं. ते जमलं की शून्यबिंदूंवर तिरकेपणा. इथे कार्ट्रिजच्या डब्याच्या कडा बघू नयेत. हिरा ज्या बारीक नळीवर बसलेला असतो तो कँटिलिव्हर रेघांना समांतर हवा. डबा सरळ आणि कँटिलिव्हर तिरका अशी कार्ट्रिजं कारखान्यातूनच येतात. एक डोळा मिटून, वरून नाही तर समोरून, रेघांच्याच पातळीला येऊन बघायचं. बॅटरी डावीकडे धरली तर एक दिसतं, उजवीकडे धरली तर दुसरं. दोन्हीकडून बघून मधलं घ्या. स्क्रू आवळताना कार्ट्रिज हमखास हलतं. दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा, आणि आवळल्यावर पुन्हा तपासणी.

वजनाचं सोपं आहे. कारखान्याने दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात राहावं. हलका काटा रेकॉर्ड वाचवतो ही समजूत खरी नाही, हलका काटा खाच सोडून उडतो आणि परत पडताना ती ओरबाडतो. वजनकाट्याचं ताट रेकॉर्डच्याच उंचीला हवं, आणि लोखंडी नको, नाहीतर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला चिकटू बघतं आणि आकडा खोटा येतो. आर्मला आत खेचणाऱ्या ओढीला आवर घालणाऱ्या अँटिस्केटिंगवर लोकांनी पोथ्या लिहिल्यात. पुढे त्याला अडीच पानं दिली आहेत, तेवढी पुरे. समोरून बघताना काटा उभा आहे की कलला आहे याला एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण ते डोळ्यांनी नव्हे, एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात किती झिरपतो हे मोजून ठरवायचं असतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ही अभियंत्यांची हौस. गाण्याचा कान असलेल्याला इतकं मोजमाप कशाला? मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना कधी पाहिलं असेल तर हा प्रश्न पडणार नाही. घोडीचा माथा कानसेने जरासा घासायचा, तार लावून ऐकायचं, पुन्हा घासायचं. तिथे कान आणि हत्यार यांच्यात भांडण नसतं. आपल्याकडे ही परंपरा कागदावरही आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणितं तारेची लांबी मोजून मांडली. त्यांचं पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापलं गेलं आणि या कामात त्यांना साथ होती खुद्द अब्दुल करीम खाँची. एका बाजूला महाराष्ट्रातला सर्वांत सुरेल गळा, दुसऱ्या बाजूला मोजपट्टी घेतलेला सरकारी माणूस.

देवलांच्या श्रुतींचा आपल्या कामाशी थेट संबंधही आहे. प्रमाणश्रुतीचं गुणोत्तर ८१/८०, म्हणजे सव्वा टक्का. ७८ च्या वेगाचा सव्वा टक्का म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक फेरा. तबकडी एक फेरा जास्त फिरली तर गायकाचा षड्ज एका श्रुतीने चढतो. सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या तर ठरवूनही ७८ वर कापलेल्या नसायच्या. म्हणून आर्मला हात लावण्याआधी वेग तपासावा. पन्नास हर्ट्‌झच्या विजेवर ३३⅓ साठी स्ट्रोबच्या चकतीवर १८० पट्टे लागतात. ७८ साठी ७७. त्यातून खरा वेग ७७.९२ येतो, ते चालतं. एलईडीच्या उजेडात हे पट्टे बहुधा थांबत नाहीत. निऑनचा दिवा किंवा जुना पिवळा बल्ब शोधून ठेवा. आमच्याकडे पावसात वीज गेली की हे काम तसंही बंद असतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला एकट्याने चाचपडायची गरज नाही. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले पदार्थवैज्ञानिक सुरेश चांदवणकर यांनी ती वर्षानुवर्षं चालवली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक काढलं. कोणती तबकडी कधी निघाली, कुणी गायलं, लेबलवरचा क्रमांक काय सांगतो, या गोष्टी तिथल्या लोकांनी जितक्या चिकाटीने नोंदल्या तितक्या विद्यापीठांनीही नोंदल्या नसतील. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची आयासा ही संघटना आहे. जुन्या मुद्रणांचं डिजिटल रूपांतर कसं करावं यावरची तिची मार्गदर्शिका २००४ मध्ये निघाली आणि २००९ मध्ये सुधारून आली. तीही हेच बजावते की आधी मूळ वाहकातून शक्य तितकं निर्दोष वाचून घ्या. संगणकावर खरखर पुसता येते. तिरक्या काट्याने तानेत मिसळलेली विकृती मात्र तानेचाच भाग होऊन बसते, ती वेगळी काढता येत नाही.

एका मराठी मुलुखातल्या गाण्याबरोबर तर जुळवणीची सूचनाच अवकाशात गेली आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. तबकडीसोबत कार्ट्रिज आणि काटा ठेवला आहे. वेष्टनावर चित्रं कोरली आहेत: काटा कुठे टेकवायचा, वरून आणि बाजूने कसा दिसला पाहिजे, एक फेरा किती वेळात व्हावा. तो वेळ ३.६ सेकंद, आपल्या भाषेत मिनिटाला १६⅔ फेरे. वाचणारा कोण असेल आणि त्याला किती हात असतील हे कुणालाच ठाऊक नसताना नासाच्या माणसांनी काट्याच्या जागेचं चित्र वगळलं नाही. आपल्या शेजारच्या दुकानदाराने नव्या टर्नटेबलच्या खोक्यातला कागदी प्रोट्रॅक्टर ‘हे लागत नाही’ म्हणून फेकून दिला तर त्याला हे सांगायला हरकत नाही.

पुस्तक वाचण्याचा क्रम तुमच्याजवळ काय आहे त्यावर ठरेल. फक्त एलपी असतील तर ७८ चं प्रकरण सोडून द्या. चेंजरचा सिरॅमिक कार्ट्रिजवाला आर्म असेल तर जुळवणीला त्यात फारसा वावच नसतो. तिथे वजन आणि काट्याची स्थिती एवढंच बघा आणि झिजलेला काटा बदला. स्पीकरवाल्यांच्या पेटीतल्या झिजलेल्या लाखेच्या तबकड्यांसाठी शेवटचं प्रकरण आहे: पोलादी सुईने खाचेची भिंत जिथे घासली त्याच्या थोडं वर किंवा थोडं खाली टेकेल असा काटा निवडला तर पुष्कळ गाणं अजून शाबूत सापडतं, पण त्याला दोन-तीन जाडीचे काटे आणि बदलती हेडशेलं लागतात.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी एक काम करून ठेवा. तुम्ही खरोखर ऐकता त्या दहा-बारा रेकॉर्डी काढा. स्पिंडलच्या भोकाच्या मध्यापासून शेवटचं गाणं संपून मोकळी खाच सुरू होते तिथपर्यंत पोलादी पट्टीने मोजा, दोन्ही बाजू, आणि वहीत लिहा: रेकॉर्ड, बाजू, मिलिमीटर, शेवटी काय आहे, द्रुत की विलंबित, समूहगान की एकटा आवाज. ७८ आणि एलपी वेगळ्या पानांवर. तिसऱ्या प्रकरणातलं कोष्टक हे आकडे समोर असल्याशिवाय भरता येणार नाही.